कोपराची खळगी

"हात लावू नकोस."

मी नुसती वाळत घातलेली चादर काढायला शेडमध्ये गेले होते, तर गाडीखालून ह्यांचा आवाज.

"चादर काढतेय हो. तुमच्या गाडीला कोण हात लावतंय?"

"धूळ उडते. रंग ओला आहे."

रंग ओलाच असतो. वर्ष झालं, यशवंतपूरच्या आमच्या घरामागच्या ह्या शेडमध्ये रंग एकतर ओला आहे, नाहीतर खरवडलेला आहे. गाडी माझ्या मोठ्या दिरांची, जयसिंगरावांची. तरुणपणी ते ती शर्यतीत पळवायचे आणि हे, धाकटे, तिचा पत्रा ठोकून द्यायचे. पुढे ती कुठल्याशा गोदामात सडत पडली. आता भावजींची नजर चाललीय. डॉक्टर म्हणाले, दिसतंय तोवर काय बघायचं ते बघून घ्या. भावजी म्हणाले, मला माझी गाडी बघायचीय.

झालं, ह्यांनी ते डोक्यात घेतलं. पत्रा ठोकला, खाचाखळग्यांत लांबी भरली, घासली, रंग मारला. छान लाल. मी म्हटलं, बोलवा आता भावजींना.

"स्वल्प थांब गं. हा लाल तो नव्हे."

खरवडला. पुन्हा मारला. उन्हात बघितला, सावलीत बघितला, पुन्हा खरवडला.

"अहो, त्यांचे डोळे थांबणार आहेत का तुमच्यासाठी?"

"मग अण्णाला चुकीचं दाखवू?"

ह्या माणसापुढे भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, दुसरं काही नाही.

शेवटी मीच फोन केला. रविवारी सर्जापूर रोडवरून त्यांचा मुलगा आशय त्यांना घेऊन आला. भावजी गाडीच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"लाल आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "लालच आहे, अण्णा."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. पदर तोंडाला लावला.

आशयने धरून त्यांना आत बसवलं. गाडीला ना दार, ना छप्पर. भावजींनी स्टिअरिंग धरलं आणि उजवं कोपर काठावर ठेवलं. ते घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं.

"रत्ना, ही माझी गाडी नाही," ते ह्यांना म्हणाले.

"तीच आहे रे."

"मग माझी खळगी कुठाय? कोपर टेकून टेकून पडलेली?"

ह्यांचा चेहरा उतरला. पोचा समजून सगळ्यात आधी त्यांनी तीच ठोकून सपाट केली होती, आणि मग वर्षभर लाल शोधत बसले. आता हे सगळी गाडी पुन्हा खरवडायला काढतील, मला वाटलं. पण ते वाळूची पिशवी घेऊन आले.

"हेमा, ही पत्र्याला आतून घट्ट धर. अण्णा, कोपर ठेव."

ज्या रंगावर मला चादर झटकू देत नव्हते, त्यावर ह्यांनी कोपराभोवती खडूने गोल काढला. मग लाकडी हातोडी उचलली. रंग तडकला, पापुद्रे माझ्या बांगड्यांवर उडाले.

"बघ."

भावजींनी कोपर टेकवून पाहिलं.

"अजून जरा."

ह्यांनी पुन्हा ठोकलं. मी पिशवी सोडली नाही.