मोठ्या बाईंनी पाठ टेकली

“आजींना खुर्चीत बसवा. मला जरा त्यांच्या पलंगावर पडायचंय,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मला वाटलं, थट्टा करताहेत. घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारा आमचा अख्खा विभाग बाईंनी शून्यातून उभा केलेला. तीनशे नर्सेस त्यांच्या हाताखाली. त्या एका परक्या म्हातारीच्या पलंगावर पडणार? पण बाईंनी बूट काढले, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. आजींच्या सुनेने आणि मी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि बाई खरंच आडव्या झाल्या.

आजींना अर्धांगवायू. माकडहाडावर पडून पडून जखम झालेली आणि तीन आठवड्यांत ती वाढतच चाललेली. मी तडक अहवाल लिहिला होता की सून लक्ष देत नाही, आजींना शुश्रूषागृहात हलवावं. ‘जखमेला जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात ‘सून’ लिहून मोकळी झाले होते. अशा सुनांचा मला भारी राग. बाईंची सही झाली की दुपारी गाडी येणार होती. सुनेने आजींच्या कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती.

बाईंच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते. सही काय, ऑफिसात बसूनही झाली असती. पण पलंग पाहिल्याशिवाय माणूस हलवायचा नाही, हा त्यांचा नियम.

दहा मिनिटं गेली. बाई डोळे मिटून पडलेल्या. मी घड्याळ बघून बघून वैतागले. मग लक्षात आलं, बाई हळूहळू खाली घसरल्यात. हनुवटी छातीला टेकलीय आणि सगळा भार नेमका माकडहाडावर आलाय.

“उशाकडची बाजू एवढी उंच कुणी करायला सांगितली?” त्यांनी पडल्यापडल्याच विचारलं.

“या सिस्टरनीच,” सून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “जेवताना ठसका लागतो म्हणून. मी दिवसभर तशीच ठेवते. घसरल्या की ओढून वर घेते. दर तासाला.”

जेवणानंतर अर्ध्या तासाने बाजू खाली करा, हे सांगायचं मीच विसरले होते. बिचारी जितकी काळजी घेत होती, तितकी त्या ओढण्याने आजींची कातडी सोलत होती.

माझा हात धरून, गुडघे सांभाळत बाई उठल्या. सुनेला म्हणाल्या, “तुमचं काही चुकलेलं नाही. सांगण्यात आमची चूक झाली. आजी इथंच राहतील.” सून त्या पिशवीवरच बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

बाईंनी अहवाल मागितला. ‘सून’ हा शब्द खोडला. माझं नाव लिहा, असं मी कसंबसं म्हटलं, तोवर त्यांनी तिथे ‘विभागप्रमुख’ लिहून खाली सही केली होती. एकतीस वर्षांत एकही ठपका नसलेली बाई! माणूस एवढं मोठं असू शकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

“तुला अजून पुष्कळ घरं फिरायचीत,” त्या हळूच म्हणाल्या.

मग पलंगाची बाजू खाली केली, वाकून चादरीवरची स्वतःच्या पडण्याने उठलेली सुरकुती तळहाताने सपाट केली आणि आजींना उचलायला मला बोलावलं.