चालू ठोक्यांचा नियम

मित्रांनो, मी एक जुना डॉप्लर आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. डॉप्लर म्हणजे आईच्या पोटावर टेकवून आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवणारं यंत्र. मुठीत मावेल एवढा माझा डबा, त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला बोटभर दांडा. माझा आवाज इतका खरखरीत, की कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला होता. पण तोच आवाज ऐकून शेकडो आया हसल्या. एका बापाने तर आत घोडा पळतोय का, असं विचारलं होतं.

मी ज्या रुग्णालयात आलो, ते लोकांच्या करातून उभं राहिलेलं. काही वर्षांनी सरकारने ते एका धर्मसंस्थेच्या नावावर करून दिलं. पगार आणि औषधं पुढेही लोकांच्याच पैशातून येत राहिली, बदलले ते नियम. संस्थेचे सचिव फार गोड बोलायचे. त्यांनी प्रसूती विभागाच्या भिंतीवर एक कागद लावला. बाळाचे ठोके चालू असतील तोवर गर्भाशय रिकामं करायचं नाही, कारण कोणतंही असो, धर्माला ते मान्य नाही, असं त्यावर लिहिलं होतं. त्या खाटांवर ज्या बायका झोपणार होत्या, त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

मला सांभाळायच्या मोठ्या सिस्टर. बावीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत एक खोटा आकडा लिहिला नव्हता. त्या त्याच धर्माच्या होत्या आणि रोज प्रार्थना करूनच कामाला लागायच्या.

एका सकाळी शाळेची बस चालवणारी एक बाई आली. तिला सहा वर्षांची मुलगी होती आणि आता पाचवा महिना चालू होता. पोटातलं पाणी सगळं वाहून गेलं होतं. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, की हे बाळ जगू शकत नाही, पण गर्भाशय रिकामं केलं नाही तर जंतू तुमच्या अंगभर पसरतील. मग सिस्टरनी मला तिच्या पोटावर टेकवलं आणि मी खरखरलो. ठोके चालू होते. सचिव म्हणाले, थांबा. दुसऱ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देऊ का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर त्या कामाला चिठ्ठी देणंही पापच, असं उत्तर मिळालं. माणूस डोळ्यांदेखत जातंय आणि हे नाकाने कांदे सोलत होते!

दर तासाला मला टेकवायचे. दहा वाजता ठोके चालू, अकरा वाजता चालू. बाराला तिचं अंग तापाने फणफणलं, दातावर दात आपटायला लागले. तिचा नवरा वेल्डर. तो दिसेल त्याला विनवत फिरत होता. जन्मभर लोकांनी माझ्या आवाजासाठी कान टवकारले आणि त्या दिवशी अख्खी खोली मी गप्प होण्याची वाट बघत होती. सिस्टरनी माझा आवाज अगदी बारीक केला, तरी तिला तो ऐकू येतच होता.

दोन वाजता तिने सिस्टरचं मनगट धरलं.

"सिस्टर, हे बाळ मला हवं होतं हो. आणि आता ते थांबावं म्हणून मी वाट बघतेय. मला असलं मागायला का लावताय तुम्ही?"

सिस्टरनी मनगट हलकेच सोडवून घेतलं. त्या कोपऱ्यात गेल्या, माझं मागचं झाकण उघडलं आणि दोन्ही बॅटऱ्या काढून खिशात टाकल्या. मग मला पुन्हा तिच्या पोटावर ठेवून त्यांनी सचिवांना बोलावलं. सचिव बायकांच्या खोलीत पाऊल टाकत नसत, ते दारातूनच कान देऊन उभे राहिले. मी मुका पडलो होतो. त्यांनी मान हलवली, देवाची इच्छा म्हणाले आणि गेले. डॉक्टरांनी सिस्टरकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच ट्रॉली ढकलत बाईला आत नेलं.

बाई वाचली. पण 'दोन वाजता ठोके बंद' ही नोंदवहीत लिहिलेली खोटी ओळ सिस्टरना पचेना. चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून सचिवांकडे जाऊन सगळं खरं सांगून टाकलं.

चौकशी समिती बसली. बसवाली बाई भिंत धरत धरत तिथे आली.

"त्या खोटं बोलल्या म्हणून मी जिवंत आहे," ती म्हणाली. "उद्या दुसरी कोणी येईल. तिला वाचवायलाही कोणीतरी खोटंच बोलायचं का?"

समितीने तिचे आभार मानले आणि खोट्या नोंदीबद्दल सिस्टरना कामावरून काढलं. भिंतीवरचा कागद आहे तिथेच आहे. मी पुरावा म्हणून एका पिशवीत, कुलूपबंद कपाटात पडलोय.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. तुमच्या घरच्यांच्या करातून जे रुग्णालय चालतं, तिथे नियम कोणाचा चालतो, ते घरच्यांना विचारायला लावा. आई खाटेवर असताना विचारायला वेळ नसतो. ज्याला जो धर्म पाळायचा तो त्याने खुशाल पाळावा, पण स्वतःच्या जिवावर, दुसऱ्याच्या नाही.

आणि विचारायचं तर लवकर विचारा. माझ्या जागी नवा डॉप्लर आला आहे. त्याची बॅटरी बाहेर काढता येत नाही. सचिवांनी मुद्दाम तसाच मागवला.