घोरण्याची साक्ष

मी घोरते, हे पूर्णेतल्या आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या सगळ्या ओळीला माहीत होतं. स्टेशनात मालगाड्यांचं शंटिंग रात्रभर चालू असतं, त्याच्यावरही माझा आवाज चढतो, असं माझ्या सासूबाई कुसुमबाई नळावर सांगत. मी त्यांना आत्या म्हणते. "आमच्या सुकेशनीपुढं इंजनाची काय बिशाद!" हे मी स्वतः खिडकीतून ऐकलंय. शेजारच्या बायनाबाईंनी तर पोटातलं लेकरू इंजिन ड्रायव्हरच होणार, असं जाहीर करून टाकलं होतं.

मला सहावा महिना लागला होता. नवरा बुद्धभूषण रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. त्याला सारखी रात्रपाळी, म्हणून आत्या माझ्याजवळ झोपायच्या. झोपायच्या म्हणजे काय, रात्री चार-चारदा माझ्या बरगडीत कोपर मारायच्या. मी दचकून उठायची आणि मनातल्या मनात त्यांना नको ते बोलायची. सकाळी डोकं जड. कॉलेजच्या ऑफिसात माझं टेबल साहेबांच्या अगदी समोर, आणि तिथंच मला डुलक्या लागायच्या. ऑफिसात माझी कीर्ती कशी पसरली असेल, ते सांगायला नको.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनी मॅडमनी बीपी बघितलं आणि पुन्हा बघितलं. वाढलेलंच होतं. बाळाचं वजनही हवं तसं भरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "गरोदरपणात काहींचा झोपेत श्वास मधूनमधून थांबतो. त्यानं बीपी वाढतं आणि बाळालाही त्रास होतो. वेळेत कळलं तर उपाय आहे. तुम्ही घोरता का?"

"मी तर झोपलेली असते, मॅडम. आत्यांना विचारा."

आत्यांनी पदर सावरला. "घोरती? छे, छे! लय शांत झोपती. कुशीला कोन झोपलंय, त्ये बी कळत न्हाई."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. मॅडमचा या साक्षीवर विश्वास बसला नसावा. त्यांनी एक छोटं मशीन आमच्या हातात दिलं. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा, आणि हे सगळं लावून एक रात्र घरी झोपायचं.

परतीच्या गाडीत मी आत्यांना धरलंच. "खोटं कामून सांगितलंत?"

"खुळी हायेस का? दवाखान्यात रोगाचं नाव निघालं की सिझर करतेत. घोरती म्हनून पोट फाडू द्यायचं व्हय?"

"आन् नळावर सांगता त्ये?"

"नळावर सिझर करतेत का?"



त्या रात्री मशीन लावून मी झोपले ती थेट सकाळी उठले. डोकं हलकं, अंग मोकळं. कितीतरी महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. आत्यांचे डोळे मात्र लाल झाले होते. "तुमच्या त्या मशीननं मला झोपूच दिलं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि चहाला लागल्या.

आम्ही मशीन परत नेऊन दिलं. मॅडमनी रिपोर्ट बघितला. श्वास थांबल्याची कुठं खूणही नव्हती. आत्यांनी माझ्याकडं अशा ऐटीत बघितलं, जणू सरपंचपदाची निवडणूक जिंकून आल्या होत्या. मी मात्र पोटावर हात ठेवला. श्वास थांबणं हे कारण नाही, तर मग माझ्या लेकराच्या वाट्याचं कोण खातंय?

मॅडम अजून रिपोर्टच बघत होत्या. "तुम्ही रात्रभर डाव्या कुशीवर. एकदाही पाठीवर आला नाहीत? सहाव्या महिन्यात?"

मला काय माहीत? मी आत्यांकडं बघितलं. आत्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघत होत्या.

"आज पुन्हा करू," मॅडम म्हणाल्या. "नेहमीसारखं झोपा. आणि आत्या, तुम्ही आजच्या दिवस दुसऱ्या खोलीत झोपा."

"दुसऱ्या खोलीत?" आत्या ताडकन उठल्या. "आन् हिचा दम थांबला तर उठवंल कोन?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "थांबतो?"

आत्यांच्या लक्षात आलं, तोंडातून काय निघून गेलं ते. त्या माझ्या पोटाकडं बघत खाली बसल्या.

"घोरती तवर मला फिकीर नसती, मॅडम. मी बी निजते. घोरायची गप झाली की मला जाग येती. कोपर मारते, मंग दम घेती. काल मशीन चोरी धरंल म्हनून रातभर पाठीला गुडघा लावून बसले. पाठीवर पडली की दम अडतो तिचा, तवा पाठीवर पडूच दिलं न्हाई." मग हात जोडून म्हणाल्या, "पर सिझर करू नका हो."

मला रडू कोसळलं. त्या कोपराचा मी रोज राग केला होता. बरगडीवरचा तो दुखरा ठिपका आता मला कुणाला दाखवावासा वाटत होता.

"यात सिझर नाही, आत्या," मॅडम म्हणाल्या. "हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क नाकाला लावून झोपायचं, बस."

त्या रात्री आत्यांना दुसऱ्या खोलीत ठेवण्यासाठी बुद्धभूषणला सुट्टी काढावी लागली. मशीननं सगळं पकडलं. मास्क आला, बीपी हळूहळू उतरलं, बाळाचं वजन भरायला लागलं. ऑफिसातल्या डुलक्या गेल्या. आणि घोरणं पार बंद झालं. "सून माहेरी गेली का हो?" असं बायनाबाईंनी नळावर विचारलं, तेव्हा आत्यांना सांगायला काही उरलंच नव्हतं.

आता सगळी ओळ शांत झोपते. आत्या तेवढ्या जाग्या असतात, कारण मी गप झाले की उठायचं, ही त्यांची सवय, आणि मी आता रात्रभर गपच असते. परवा मास्क लावलेला असतानाही बरगडीत कोपर बसलं. मी मास्क बाजूला करून म्हटलं, "आत्या, मशीन हाय न बघायला. झोपा की आता."

"असू दे," त्या म्हणाल्या. "मशीनला सून हाय व्हय?"