हुदाची दोन टिंबं

गेल्या वर्षी मे महिन्यात हुदा नावाची मुलगी नववीच्या सरकारी परीक्षेला बसू शकली नाही, कारण कॉम्प्युटर म्हणाला, अशी मुलगीच नाही. जन्मदाखल्यावर तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षराखाली टिंबं नव्हती. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात यादी टाईप करताना मी दोन दिली. आम्ही मिसरी, म्हणजे इजिप्तची माणसं अरबी लिहिताना ती टिंबं कधी देतो, कधी खातो, कुणाचं काही अडत नाही. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या मुली झाल्या, आणि खरी हुदा वर्षाला मुकली.

वरून पत्र आलं, 'रजिस्टर सदोष'. ते रजिस्टर इन्शिराह अब्लाचं. अब्ला म्हणजे ताई. अबला समजून तिच्या वाटेला गेलेले दोन अधिकारी बदली मागून गेले. सोहागकडच्या आमच्या तालुक्यातल्या त्रेचाळीस शाळांची नोंद एकतीस वर्षं तिच्या हातात, आणि आता जूनमध्ये निवृत्ती. ते पत्र तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलं. मला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरात नवं सॉफ्टवेअर निवडायला तीन कंपन्यांना बोलावलं. पहिला आला कैरोचा टायवाला इंजिनियर. भिंतीवर रंगीत आलेख नाचायला लागले तसे आमचे संचालक शौकीसाहेब पाघळले. सहीसाठी पेनही काढलं.

"अब्ला, तुम्ही जरा चहाचं बघा."

"चहा उकळतोय, साहेब. तोवर ह्यांनी माझ्या हुदाला शोधावं."

टायवाल्याने टिंबं देऊन नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'विद्यार्थी अस्तित्वात नाही.'

"तुमच्या रजिस्टरमध्येच घोळ असणार, मॅडम."

अब्लाने साहेबांच्या टेबलावरची पितळी पाटी उचलून त्याच्यापुढे ठेवली. "बरं. आता हे नाव टाका. अगदी जसंच्या तसं." शौकीच्या शेवटीही तेच अक्षर. पाटी कोरणाऱ्याने टिंबं खाल्ली होती, पगाराच्या यादीत ती होती.

'कर्मचारी अस्तित्वात नाही.'

"या अल्लाह!" अब्लाने कपाळावर हात मारला. "मग आठ वर्षं मी चहा कुणाला पाजतेय?"

शिपाईसुद्धा हसला. साहेबांचे कान लाल झाले आणि पेन मुकाट्याने खिशात गेलं.

दुसरी कंपनीही तिथेच आपटली. तिसरी अस्यूतची, लहानशी. एकटी इरीनी नावाची मुलगी आली होती. फसलं तिचंही. पण तिने रजिस्टरला नावं ठेवली नाहीत.

"अब्ला, रजिस्टर दाखवता का? माझे बाबाही टिंबं खातात. आईला लिहिलेल्या चिठ्ठ्या सोडून सगळीकडे."

तीन दिवस दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. रविवारी इरीनी परत आली तेव्हा टिंबं द्या, नका देऊ, हुदा एकच निघत होती. शौकीसाहेबांनी आधी गुपचूप स्वतःला शोधून घेतलं, मग सही केली.

निवडणं सोपं होतं, बसवताना घाम निघाला. हिवाळाभर आम्ही शाळाशाळांत जन्मदाखले ताडून पाहिले. म्हातारे कारकून कुरकुरायचे, "अब्ला, जाता जाता आम्हाला कशाला छळतेस?"

"मी गेल्यावर तुमचे फोन नको यायला म्हणून!"

हुदाच्या शाळेचं काम मी मागून घेतलं. तिथे तिची वही पाहिली आणि मला मान वर करवेना. वहीवर, दप्तरावर, पट्टीवरसुद्धा पोरीने आपलं नाव दोनदा लिहिलं होतं. एकदा टिंबं देऊन, एकदा न देता. परत हरवायला नको म्हणून. मी ते अब्लाला सांगितलं. ती चष्मा पुसत बसली.

एप्रिलमध्ये बेरीज जुळली. रजिस्टरमध्ये अकरा हजार चारशे सहा मुलं, कॉम्प्युटरवरही तितकीच. एक कमी नाही, एक जास्त नाही. अब्लाने काचेखालचं पत्र काढून साहेबांपुढे सरकवलं. त्यांनी त्याच्यावर 'रजिस्टर निर्दोष होतं' असं लिहिलं आणि खाली जन्मात पहिल्यांदा टिंबं देऊन सही केली. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली होती, जणू रजिस्टर मीच लिहिलं होतं.

मे महिन्यात परीक्षेची कार्डं आली. हुदा आईबरोबर आली. अब्लाने कार्ड तिच्या हातात दिलं. पोरीने नावावरून बोट फिरवलं, मग बैठक क्रमांकावरून, मग पुन्हा नावावरून. आई तोंडाला ओढणी लावून उभी होती.

"पोचपावतीवर सही कर, पोरी."

हुदाने नाव लिहिलं, टिंबांशिवाय. मग सवयीने पेन पुढे सरकवलं, दुसऱ्यांदा लिहायला.

अब्लाने तिच्या हातावर हात ठेवला.

"एकदा पुरे," ती म्हणाली.