बिनमुकुटाची गाय

बस थांबते न थांबते तोच वाल्बुर्गा दाराशी जाऊन उभी राहिली. चौकाच्या वरच्या अंगाला घंटांचा नुसता कल्लोळ उठला होता.

"काकू, दहा मिनिटं," ड्रायव्हरने दार उघडलं. "गुरं डोंगरावरून उतरली. आता रस्ता त्यांचा."

"माझी रोस्वीटा आली रे!" दुखरे गुडघे विसरून ती खाली उतरली.

यंदा तिच्या लेकीने, रोस्वीटाने, गावाची एकशेचार जनावरं एकटीच्या जबाबदारीवर डोंगरावरच्या कुरणात नेली होती. पोरीला हे झेपायचं नाही, असं छातीठोकपणे सांगून गावातल्या म्हाताऱ्या कोर्बिनियानने आपल्या कालवडी घरीच ठेवल्या होत्या. तोही मागोमाग बसमधून उतरला. म्हाताऱ्याला गंमत चुकवायची नव्हती.

"मुकुट दिसतोय का गं?"

"दिसेल! दम धरा."

एकही जनावर न दगावता कळप परतला, तरच सगळ्यात पुढे चालणाऱ्या गायीला फुलांचा मुकुट. तो असला की पुढच्या वर्षीही गाव गुरं देणार. वाल्बुर्गा टाचा उंचावून पाहत होती.

वळणावर पहिली गाय आली. डोक्यावर काही नव्हतं. चौकात जमलेल्या लोकांचे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"सांगत होतो मी," कोर्बिनियान म्हणाला.

रोस्वीटा आईपाशी थांबली. चेहरा उन्हाने रापलेला.

"आई, आपली लीझल गाय गेली. जुलैत वीज पडली. गावाची सगळी आणलीत."

"म्हणजे घरचंच गेलं ना?" कोर्बिनियान मध्येच म्हणाला. "मग घालायचा मुकुट! कोण विचारणार होतं? हात दाखवून अवलक्षण!"

"घरची गाय गाय नसते का, काका?"

म्हातारा मिशी चावत राहिला. बसचा हॉर्न वाजला, तरी तो हलेना.

"पुढच्या जूनमध्ये..." त्याने घसा खाकरला. "माझ्या अकरा कालवडी नेशील वर?"

"पहाटे पाचला आणा. उशीर केलात तर थांबायची नाही मी."

लीझलला वाल्बुर्गाने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. डोळे पुसतच ती बसमध्ये चढली.

"काकू, मुकुट नव्हता म्हणे?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"नव्हता," ती ताठ बसत म्हणाली. "खोटा मुकुट मिरवायची नाही ती. माझी मुलगी आहे."