साठीचं लग्न आणि अजून एकच देऊळ

आमच्या ह्यांनी आजवर साठीची निदान चारशे लग्नं पार पाडली असतील. सगळी दुसऱ्यांची.

मायिलाडुदुरैच्या स्टेशनाबाहेर ह्यांची पांढरी गाडी उभी असते. नाव तिल्लैनायगम, पण गिऱ्हाईकं 'नायगम सार' म्हणतात आणि ते ऐकलं की हे फुगतात. माणसाला साठ पूर्ण झाली की त्यानं आपल्या जन्ममहिन्यात, जन्मनक्षत्रावर, तिरुक्कडैयूरला जाऊन आपल्याच बायकोच्या गळ्यात पुन्हा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायची, अशी आमच्याकडची रीत. त्या म्हाताऱ्या नवरानवरीला गाडीत चढवायचं, देवळात गर्दीतून वाट काढून द्यायची, त्यांचे फोटो काढायचे आणि शेवटी त्यांच्या पंगतीत दोनदा पायसम मागायचं, हे सगळं आमचे हे करतात. घरी येऊन मला सांगतात, "वडिवू, आजची नवरी काय लाजत होती गं!" मी भांडी घासत ऐकते.

आवणी महिन्यातलं हस्त नक्षत्र हे ह्यांचं जन्मनक्षत्र. यंदा साठ पूर्ण झाली. पंचांगात पाहून तिथल्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, तारीख सांगितली, संध्याकाळी सव्वासहापर्यंत नक्षत्र आहे म्हणाले, मुहूर्त सकाळी दहाचा धरला. मी तीन महिने आधीपासून ह्यांना बजावत होते की त्या दिवशी गाडी काढायची नाही. कारण पहिल्या लग्नाला हे दीड तास उशिरा आले होते. वाटेत पूंपुहार लागलं, तर वऱ्हाडाला समुद्र दाखवायला थांबले! मी मांडवात घामानं भिजत बसले होते, आणि माझ्या आत्या एकमेकींच्या कानात विचारत होत्या की मुलगा पळाला की काय. ती कुजबुज पस्तीस वर्षं माझ्या कानात आहे. म्हणून मला हे दुसरं लग्न हवं होतं. दागिने नकोत, पंगत नको. फक्त माझ्या आधी नवरा मांडवात बसलेला मला बघायचा होता.

आदल्या दिवशी सेलमचं एक कुटुंब आलं. म्हातारे आजोबा, मुलगा, सून.

"पहाटे पाचला निघतो," हे म्हणाले. "वैत्तीश्वरन कोविल दाखवतो, नऊच्या आत त्यांना तिरुक्कडैयूरलाच आणून सोडतो. वाटेवरच तर आहे. तू अक्काबरोबर बसनं ये."

"आणि नाही आलात तर?"

"अगं, माझंच लग्न आहे!"

साडेआठला मी आणि ह्यांची थोरली बहीण तैयल अक्का देवळात पोचलो. लाल रेशमी साडी, डोक्यात मोगरा, हातात दोन हार. आत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक खांबाशी एक लग्न. कुठे होमाचा धूर, कुठे नातवंडं आजोबांच्या डोक्यावर कलशातलं पाणी ओततायत, कुठे एक नवरदेव बायकोला म्हणतोय, "आता तरी माझं ऐकशील का?" आणि सगळे खिदळतायत. आमच्या खांबाशी दोन पाट मांडलेले. एकावर मी.

फोन वाजला.

"वडिवू, अजून वैत्तीश्वरनलाच आहे. आजोबांना नाडी-भविष्य बघायचंय. ताडपत्रावर त्यांचं पान शोधतायत."

"त्यांचं पान सापडेपर्यंत तुमचं लग्न उरकेल."

"हा, झालंच. आलोच."

गुरुक्कळांनी वर पाहिलं. मी म्हटलं, येतायत. दहा वाजून गेले. शेजारच्या खांबाशी दुसरं लग्न लागलं, मग तिसरं. एक फोटोवाला आला. "अम्मा, नवरदेव कुठेयत?" मी म्हटलं, येतायत. थोड्या वेळानं तोच पुन्हा आला आणि पुन्हा तेच विचारलं. मला त्याच्या कॅमेऱ्यासकट त्याला तळ्यात ढकलावंसं वाटलं.

पुन्हा फोन.

"तिरुवेंकाडला आहे. बुधाचं देऊळ गं, विद्येचा ग्रह, वाटेतच. सूनबाईंच्या मुलाची दहावी आहे."

"आणि माझं लग्न आहे!"

"ओरडू नकोस, लोक ऐकतायत." आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, लांबून आलेली माणसं. तोंडावर नाही कसं म्हणू?"

ही ह्यांची जन्माची खोड. जगाला नाही म्हणायचं नाही आणि घरच्यांना हो म्हणायचं नाही. मुलीच्या बारशाला हे वेळांकण्णीला होते. माझ्या ऑपरेशनला नागूरच्या दर्ग्यात. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला ह्यांचा पहिला नंबर, घरची चूल विझली तरी पत्ता नाही. अख्खा जिल्हा ह्यांनी लोकांना दाखवला. पंचवीस-तीस किलोमीटरवरचा तरंगमबाडीचा किल्ला मला कधी दाखवला नाही. म्हणायचे, तो काय पळून जातोय?

तेवढ्यात पूजेसाठी आणलेली गाय मागून आली आणि रिकाम्या पाटावर ठेवलेला ह्यांचा हार खाऊ लागली. अक्का धावली. अर्धा हार गाईच्या तोंडात, अर्धा अक्काच्या हातात. आजूबाजूचे सगळे हसले. मी हसले नाही. मला रडू येत होतं आणि रडले तर काजळ पसरेल म्हणून राग येत होता.

अक्का म्हणाली, "जाऊ दे वडिवू. तो लहानपणापासून असाच. कुणी 'दादा' म्हटलं की विरघळतो."

"अक्का, गिऱ्हाईकाच्या मनातलं कळतं ह्यांना, बायकोच्या मनातलं एवढंही कळत नाही?"

पावणेबाराला तिसरा फोन.

"वडिवू, आता नक्की. फक्त केतूचं देऊळ. आजोबांच्या पत्रिकेत केतू वाईट आहे, आणि बारानंतर दार बंद होतं. अजून एकच देऊळ, आलोच."

मी फोन ठेवला. सगळी देवळं दुपारी बंद होतात हे त्या माणसाला तोंडपाठ. आम्ही बसलो होतो ते देऊळही बंद होणार, हेही ठाऊक. तरी त्यानं परक्याचा केतू निवडला.

गुरुक्कळ समिधा आवरत म्हणाले, "अम्मा, चारनंतर दार उघडेल. नक्षत्र आहे तोवर थोडक्यात करू. पण सव्वासहाच्या पुढे मी काही करू शकत नाही."

"येतील ना ते," मी म्हटलं. "मी येईन की नाही ते बघते."

अक्का शेजारच्या लग्नाच्या पंगतीत गेली. मी माझा हार पिशवीत कोंबला आणि रस्त्यावर येऊन समोर आलेल्या तरंगमबाडीच्या बसमध्ये चढले.

किल्ल्याच्या तिकिटाशी बसलेल्या बाईनं माझी साडी, मोगरा, हळदीचे हात पाहिले.

"साठीची नवरी ना? नवरदेव कुठेयत?"

"लोकांना देवळं दाखवतायत."

तिनं मान डोलावून तिकीट दिलं. ती बहुतेक कुणा गाइडचीच बायको असावी.

किल्ल्याच्या भिंतीवर बसले. समोर समुद्र, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी. बाजूला ते शंकराचं जुनं देऊळ, अर्धं समुद्रानं खाल्लेलं. छान होतं सगळं. ह्यांच्याबरोबर पाहायला हवं होतं, आणि नेमकं तेच मला सोसत नव्हतं.

सव्वा वाजता फोन आला.

"आलो गं! दार बंद झालंय. तू कुठेयस?"

"तरंगमबाडीला."

"तिथे कशाला?"

"गिऱ्हाईकं कशाला येतात? बघायला."

"निघ, निघ लगेच!"

"किल्ला व्हायचाय अजून. आलेच."

अर्ध्या तासात पांढरी गाडी किल्ल्यासमोर आली. सेलमची माणसं देवळाजवळच्या लॉजवर उतरवून आले होते. धोतर घामानं चिकटलेलं, कपाळावर तीन देवळांचा अंगारा. पुढचं दार उघडून उभे राहिले. मी मागचं दार उघडलं आणि मागे बसले.

"वडिवू, चुकलं माझं."

"इथे ते जुनं चर्च आहे ना? ते दाखवा."

"आत्ता?"

"लांबून आलेय. नाही म्हणणार तोंडावर?"

त्यांनी चर्च दाखवलं. मग समुद्राकाठची कमान. मग गव्हर्नराचा बंगला. आधी भराभर सांगत होते, तीनशे वर्षं, डेन्मार्कहून आलेली माणसं, त्यांचा छापखाना. मी प्रत्येक दगडाशी थांबत होते. चार वाजले. मग पाच. त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. दर दोन मिनिटांनी मनगटाकडे पाहत होते. नाही मात्र एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायला तोंडच नव्हतं.

"नक्षत्र सव्वासहापर्यंतच आहे गं," शेवटी म्हणाले. आवाज रडवेला होता. साठ वर्षांच्या माणसाचा.

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"कसं वाटतंय?"

"तिकडे अक्का आणि गुरुक्कळ काय म्हणत असतील," म्हणाले.

"हेच. सकाळपासून मी हेच सोसतेय." मी गाडीत बसले. "चला आता."

सहाला पाच कमी असताना आम्ही देवळात शिरलो. गुरुक्कळांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मंत्र सुरू केले. फोटोवाला केव्हाच गेला होता. माझा चुरगळलेला हार ह्यांच्या गळ्यात घातला, गाईनं ठेवलेला अर्धा माझ्या. घाईघाईत ताली बांधताना ह्यांची पहिली गाठ दोनदा सुटली. उरलेल्या दोन गाठी रीतीप्रमाणे अक्कानं बांधल्या, आणि बांधताना भावाच्या पाठीत एक गुद्दा घातला.

राग गेला का? नाही गेला. गाठ मारताना ह्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता आणि मी मनात मुलीचं बारसं, ऑपरेशन, सगळं पुन्हा मोजत होते.

ऐंशी पूर्ण झाली की इथेच तिसऱ्यांदा लग्न लागतं. हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ऐंशीच्या लग्नाला मी आधी येऊन बसेन, वडिवू. शपथ."

"बसा," मी म्हटलं. "मी वाटेत एखादं देऊळ बघून येईन."