मोरीच्या कट्ट्यावरची फेसाची वाटी

मित्रांनो, केडगावच्या एका घरात मोरीच्या कट्ट्यावर राहणारी मी एक जुनी पितळी वाटी आहे. अंगावर एक पोचा आहे, पण रुबाब अजून गेलेला नाही.

नगरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली आणि बनाबाईंच्या लग्नातल्या भांड्यांबरोबर मी या घरी आले. आमटी, खीर, गुळवणी, सगळ्यांची चव मला ठाऊक होती. पण बनाबाईंचे यजमान कचरू, हे एसटीचे ड्रायव्हर. एका सकाळी त्यांचा दाढीचा प्लास्टिकचा मग फुटला आणि घाईत त्यांनी मला उचललं. बनाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता ही वाटी माझ्या चुलीजवळ आनायची न्हाई, सांगून ठेवते!" झालं! दाढीचा ब्रश एकदा फिरला की वाटी स्वयंपाकघरातून कायमची बाद. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू का, खिरीपेक्षा फेसाच्या नोकरीतच मला जास्त मान मिळाला.

दाढी केल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हा कचरूंचा नेम होता. पाथर्डीची पहिली गाडी असली तरी ते फेसाची घाई करत नसत. ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकायचा, माझ्या तळाशी चिंचोक्याएवढं क्रीम घ्यायचं आणि ब्रश सावकाश गोल फिरवत राहायचं. आधी चिकट लगदा होई. मग बोटांनी पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि पुन्हा फिरवायचं. बुडबुडे मोठे दिसले की समजावं, पाणी जास्त झालं. जमून आला की फेस चक्क्यासारखा दाट आणि तकतकीत दिसे, ब्रश उचलला की त्याचा तुरा उभा राही. "जमला," एवढंच ते म्हणत. तेवढं कौतुक मला दिवसभर पुरत असे.

मग एके दिवशी कचरूंच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पाय हळूहळू चालू लागला, पण उजवा हात लुळा पडला. घरी न्हावी बोलावला, तर त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "परक्याच्या हातानं तोंड भादरून घ्यायला मी काय मेलोय व्हय?" त्यांची दाढी वाढत गेली. मला कळंक चढला आणि माझ्यात साबणाच्या चिपा येऊन पडल्या.

अशातच त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा, हिचं लग्न ठरलं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावताना मुलीच्या बापाने शेजारी उभं राहायचं होतं. लग्नाच्या दिवशी सकाळीच कचरू म्हणाले, "तुमी जा. ह्या अवतारात मी मांडवात उभा ऱ्हानार न्हाई."

"मंग मीबी जात न्हाई, अप्पा," प्रज्ञा म्हणाली. बाप तशी लेक, हट्टाला दोघंही सारखीच. दुपारी लग्न आणि सकाळी घरात सुतक पडल्यासारखी शांतता!

शेवटी बनाबाईंनी पदर खोचला. मला चिंचेने घासून लख्ख केलं, कचरूंना समोर बसवून त्यांची वाढलेली दाढी आधी कात्रीने बारीक केली. इथवर सगळं छान होतं. पण त्या जन्मभर धुणं धुतलेल्या बाई! त्यांच्या लेखी जितका फेस जास्त, तितका साबण चांगला. त्यांनी बोटभर क्रीम पिळलं, काठोकाठ गरम पाणी ओतलं आणि असं घुसळलं की बुडबुडे उतू जाऊन फरशीवर सांडले. तो पाणचट फेस गालावर लावेपर्यंतच विरला. ब्लेड कोरड्या केसांवर खरडलं आणि रक्ताचा थेंब आला.

"हा फेस हाय का धुन्याची बादली?" कचरूंनी मला भिरकावलं. मी ठणठणत दारापर्यंत गेले.

"मला कुठं येतंय वो? रोज तुमीच करत व्हता न्हवं!" म्हणत बनाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. कचरूंनी मान खाली घातली. त्या दोघांकडे बघून माझा जीव तुटत होता.

प्रज्ञाने मला उचललं, धुतलं, पुसलं. अप्पांचा लुळा हात तिने मांडीवर ठेवला, त्याच्या तळव्यात मला बसवलं आणि माझ्याभोवती त्यांची बोटं मिटवून वरून स्वतःचा हात धरला. ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला.

"फेस तुमी करा, अप्पा. ब्लेड मी धरते."

"डाव्या हातानं?"

"मंग? एवढी वर्षं गिअर कुठल्या हातानं टाकलं?"

कचरूंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांना हसू फुटलं. ब्रश आधी माझ्या काठावर आपटला, क्रीमचा शिंतोडा प्रज्ञाच्या नाकावर उडाला. "शिंपड पानी... बास, बास! आता थांब." हळूहळू तो हात सरावला. लगदा मऊ झाला, चकाकू लागला, आणि ब्रश उचलताच फेसाचा तुरा उभा राहिला. कचरूंनी तो स्वतःच गालांना लावला आणि कधी ब्लेड न धरलेल्या पोरीपुढे हनुवटी वर करून गळा मोकळा केला. "वरून खाली वढ. भिऊ नको."

मला मांडवात कोण नेणार? पण बापलेक जोडीने मेणबत्ती लावत होते, हे बनाबाईंनी संध्याकाळी येईल त्याला सांगितलं.

प्रज्ञा सासरी पुणतांब्याला गेली. दुसऱ्या दिवशी घर सुनं होतं. आता माझ्यात पुन्हा साबणाच्या चिपा पडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, वाटी आन."

"मला न्हाई जमायचं वो. कापलं मंजी?" बनाबाई घाबरल्या.

"कापलं तर कापलं. फेस माझा हाय, तू फकस्त ब्लेड धर."

तेव्हापासून त्या रोज ब्लेड धरतात आणि रोज बोलणी खातात. दोघंही खूश आहेत.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर धुवा, कोरडं पुसा, एवढं मी सांगणारच. पण तुमच्या घरी कुणाचा हात थकला असेल, तर दया येऊन त्याचं सगळंच काम काढून घेऊ नका. त्याला जमेल तेवढं त्याच्या हातात राहू द्या. बाकीचं तुम्ही धरा.